डावं तीन, उजवं दोन

३ मार्च, रविवार

गाडी आली. भाच्यानं स्वतः आणून दारात उभी केली. म्हणजे 'उभी केली' असं त्याला वाटलं. तो खाली उतरेपर्यंत ती आपली आपण बंद पडली होती.

"मावशी, एवढं एकच आहे तिचं," तो म्हणाला. "पळायला लागली की बघायला नको. नुसतं उभं राहणं तेवढं जमत नाही तिला."

जुळी झाल्यापासून त्याला मागे दोन बाळखुर्च्या बसतील अशी गाडी लागते, आणि हिची मागची सीट त्यानं केव्हाच काढून टाकली आहे. दिसायला साधी छोटी गाडी, पण इंजिनवर टर्बो चढवलाय. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून पेट्रोलच्या पिचकाऱ्याही मोठ्या बसवल्यात. हे सगळं त्यानं मला एका दमात सांगितलं, गाडीच्या छपरावरून एकदा हात फिरवला आणि पाठ फिरवून निघून गेला. रडला बहुतेक.

अहो बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चहाला आत गेले. (अहो म्हणजे माझा नवरा. आयुष्यभर मी त्यांना याच नावानं हाक मारली, आता डायरीत आणखी काय लिहू?) चहा पिताना एवढंच म्हणाले, "छप्पन्नाव्या वर्षी."

"सत्तावन्न पूर्ण होतील शर्यतीआधी," मी म्हटलं. उगाच कमी कशाला सांगा.

शर्यत एकवीस एप्रिलला आहे, हौशी चालकांच्या क्लबाची, डोंगररस्त्यावर. नाव मी जानेवारीतच दिलं होतं. अहोंना फेब्रुवारीत सांगितलं. आमचं चष्म्याचं दुकान. ते डोळे तपासतात, मी लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते. आणि दर पंधरा दिवसांनी काचा आणायला दुकानाची व्हॅन घेऊन याच डोंगरापलीकडे जाते. जाताना रस्ता रिकामा असतो, वळणं एकामागून एक येतात, आणि त्या तासाभरात मी कुणाच्याच नाकाचा विचार करत नाही. तो तास मला नेहमी कमी पडत आलाय. बस, एवढंच कारण. अहोंना ते पुरेसं वाटलं नाही.

५ मार्च, मंगळवार

क्लबाचे नियम पुन्हा वाचले. गेल्या वर्षी कुणाची तरी गाडी आरंभरेषेवरच बंद पडली आणि मागच्या सगळ्यांची वाट अडली. म्हणून यंदा आदल्या दिवशी तपासणी: हेडलाइट लावून, पॅडलला पाय न लावता, गाडी पाच मिनिटं जागेवर चालू राहिली पाहिजे. नाही राहिली तर शर्यतीतून बाद.

संध्याकाळी अंगणात चालू करून बघितली. आरपीएमची सुई आठशेवरून पंधराशेवर, पंधराशेवरून पुन्हा खाली, मग वर. आवाज कसा, तर जिना चढून आलेला माणूस धापा टाकतोय. दोन मिनिटांत आचका देऊन गप्प.

खिडकीतून अहोंचा आवाज आला, "दमेकरीण आहे ती."

नाव पडलं.

१० मार्च, रविवार

आज वाटाड्या गमावला.

प्रत्येक गाडीत दोघं लागतात, एक चालवणारा आणि एक वाटाड्या. वाटाड्यानं क्लबाच्या कागदावरून पुढचं वळण आधीच ओरडून सांगायचं असतं. वळणांना आकडे आहेत: सहा म्हणजे अगदी सौम्य, एक म्हणजे जवळजवळ मागे फिरणारं. वाटाड्या म्हणाला "उजवं चार", तर उजवीकडे बेताचं वळण. सोपं आहे. माझी मैत्रीण पोस्टात नोकरीला आहे, शहरातला पत्ता न् पत्ता तिला पाठ. तिच्याहून चांगला वाटाड्या कुठे मिळणार होता?

व्हॅन घेऊन सरावाला गेलो. पहिली तीन वळणं तिनं बरोबर वाचली. चौथ्याला म्हणाली, "डावं दोन, म्हणजे... अगं... अगं बाई... अगं ए!" आणि कागद डोळ्यांवर धरला.

खाली उतरल्यावर तिनं माझा हात हातात घेतला. "तुझ्यासाठी काहीही करीन," म्हणाली. "पण हे सोडून."

रात्री जेवताना मी सहज म्हटल्यासारखं करून विचारलं, "तुम्ही बसता का?"

"मला बसमध्ये वर्तमानपत्र वाचलं तरी मळमळतं, ठाऊक आहे तुला," अहो म्हणाले. "तुला हवं ते कर. मला त्यात ओढू नकोस."

खरं तर ते रागावून म्हणाले नाहीत. पाणी वाढ म्हणावं तसं म्हणाले. तेच जास्त लागलं.

१४ मार्च, गुरुवार

गॅरेजमध्ये. गॅरेजवाल्याला सगळे 'मामा' म्हणतात, तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान असला तरी. बोलायला मोकळा. म्हणाला, "ताई, टर्बोचं मला थोडंफारच कळतं. पण आधी धूर सोडून बघू. हवा कुठून चोरून आत येतेय का, ते कळेल."

एक डबा आणला, त्यातून पांढरा धूर निघतो. इंजिनाला हवा जाते त्या नळीत तो सोडला आणि आम्ही दोघं बॉनेटखाली डोकी घालून वाट बघत बसलो. मिनिटभर काही नाही. मग इंजिनाच्या मागच्या अंगानं, हात पोचणार नाही अशा कोपऱ्यातून, धुराची एक बारीक रेघ वर आली.

"सापडला!" मी इतक्या जोरात ओरडले की मामाचं डोकं बॉनेटला आपटलं.

एक रबरी नळी खालच्या बाजूनं चिरली होती. वरून बघितली तर नवीकोरी. तिथून न मोजलेली हवा आत शिरायची, गाडीतला कॉम्प्युटर गोंधळायचा, पेट्रोल कमीजास्त करत बसायचा, आणि सुई झोके घ्यायची. नळी बदलली. सुई नऊशेवर येऊन बसली ती हललीच नाही. मी मामाला मिठी मारणार होते, पण त्याचे हात काळे होते आणि माझी ओढणी पांढरी.

घरी येताना पहिल्याच सिग्नलला पॅडलवरून पाय काढला, क्लच दाबला, आणि दमेकरीण बंद पडली. मागचा ट्रक असा काही भोंगा वाजवू लागला की काय सांगू.

१७ मार्च, रविवार

तेच. उभ्या उभ्या चालू केली तर ठीक, सुई स्थिर. पण पळवून आणून थांबवली की गेली. दहा वेळा केलं, आठ वेळा बंद पडली.

आज पहिल्यांदा वाटलं, कशाला हा खटाटोप? वाटाड्या नाही, गाडी उभी राहत नाही, आणि घरात ज्या एका माणसानं 'वा' म्हणावं असं वाटतं, तो सकाळी साडेसहालाच फिरायला निघून गेलेला. अहो आणि फिरायला! ज्यांना कोपऱ्यावरून ब्रेड आणायला सांगितलं तर उद्या आणू म्हणतात! माझं तोंड बघायला नको म्हणून जात असणार.

२३ मार्च, शनिवार

कळलं! दुकानात एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची दांडी वाकवत असताना कळलं, आणि आजोबा "आई गं" म्हणाले.

गाडी पळवताना पाय काढला की 'फुस्स' असा मोठा आवाज होतो. भाच्याला त्या आवाजाचा भारी अभिमान. टर्बोनं कोंबलेली हवा अचानक नको झाली की एक झडप उघडते आणि ती हवा बाहेर सोडून देते. पण ती हवा आत येताना मोजली गेलेली असते ना! लग्नाच्या मांडवात दारावर बसलेल्यानं दोनशे माणसं आत गेली म्हणून आचाऱ्याला सांगितलं, आणि त्यातली शंभर मागच्या दारानं निघून गेली, तसं. आचारी बिचारा दोनशेचं रांधतो. एवढं पेट्रोल आणि त्याला पुरेशी हवाच नाही. इंजिनाला ठसका लागतो आणि ते बसतं.

भाच्याला फोन केला. पाठीमागे दोन्ही बाळं एका सुरात रडत होती.

"बरोबर आहे तुझं, मावशी," तो हळूच म्हणाला. "झडपेला नळी लावून ती हवा परत आत सोडायची. मला माहीत होतं."

"मग केलं का नाहीस?"

"आवाज गेला असता ना तो. तोच तर सगळा रुबाब होता!"

आता या पोराला काय म्हणायचं!

२४ मार्च, रविवार

मामानं आज गॅरेज बंद असूनही नळी बसवून दिली. गावाबाहेरच्या रस्त्यावर वीस वेळा पळवली, वीस वेळा थांबवली. एकदाही बंद पडली नाही. 'फुस्स' गेलं, आता फक्त एक सुस्कारा ऐकू येतो, रागावलेल्या माणसाचा राग जाताना येतो तसा.

धावत घरी आले, अहोंना सांगायचं म्हणून. ते घरी नव्हते. दुपारी आले तेव्हा चेहरा हिरवट दिसत होता. जेवले नाहीत. "उन्हात चाललो जरा," म्हणाले. मी लिंबूपाणी दिलं आणि बातमी सांगितली. "अरे वा," म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.

'वा' मिळालं, पण असं नको होतं.

३१ मार्च, रविवार

अहोंचं काहीतरी बिनसलंय. न्हाणीघरात पाण्याच्या आवाजावरून मोठमोठ्यानं बोलत होते: "डावं तीन, उजवं दोन, डावं पाच..." गिऱ्हाइकांचे नंबर अंघोळीतही डोक्यातून जात नाहीत! त्यात आयुष्यभर 'डावा डोळा, उजवा डोळा' म्हणणारा माणूस 'डावं' आणि 'उजवं' म्हणायला लागलाय. या वयात व्याकरण सुटायला लागलं की काय? शिवाय डावा पाच नंबरवाला एकही माणूस मला आठवत नाही, आणि आमची सगळी गिऱ्हाइकं मला पाठ आहेत.

दुपारी पोस्टातली मैत्रीण आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुझे हे काल सकाळी बागेत दिसले गं. लहान मुलांच्या झोपाळ्यावर. झोके घेत होते. हातात कागद, आणि काहीतरी वाचत होते. मोठ्यानं."

"एकटेच?"

"एक छोटी मुलगी उभी होती शेजारी. 'आजोबा, आता माझी पाळी' म्हणत होती. ते म्हणाले, 'थांब, एक पान राहिलं.'"

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

४ एप्रिल, गुरुवार

तपासणी हेडलाइट लावून होणार हे मी विसरलेच होते. आज अंगणात दिवे लावले, आणि सुई नऊशेवरून पाचशेवर, थरथर, बंद. दिवे न लावता चालू केली, ठीक. इंजिन तापून त्याचा पंखा सुरू झाला, पुन्हा बंद. म्हणजे विजेचं काहीही लावलं की हिचा जीव जातो.

मामाकडे बॅटरी तपासली, उत्तम. जनरेटर तपासला, उत्तम. मामानं डोकं खाजवलं. सोळा दिवस राहिलेत.

आणि अहोंचा कोट धुवायला काढला तर खिशात गोळ्यांची पट्टी. अर्धी संपलेली. कसल्या गोळ्या घेतात हे? मला न सांगता?

७ एप्रिल, रविवार

औषधवाल्याला पट्टी दाखवली. तो म्हणाला, "उलट्या होऊ नयेत म्हणून देतात हे."

हिरवट चेहरा. जेवण नको. भल्या पहाटे एकट्यानं बाहेर जाणं. अंघोळीत बरळणं. झोपाळा! माणसाला काहीतरी मोठं दुखणं असल्याचं कळलं की तो लहानपणाकडे वळतो, असं कुठंतरी वाचलंय मी. आणि मी इकडे महिनाभर एका यंत्राच्या धापा मोजत बसले. घरातल्या माणसाला काय होतंय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आज गाडीला हात लावला नाही. मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. क्लबाला फोन केला, कुणी उचलला नाही. उद्या पुन्हा करून नाव मागे घेणार.

खिडकीतून बाहेर बघितलं. दमेकरीण उभी आहे, गप्प. तिचा राग नाही आला. माझाच आला.

९ एप्रिल, मंगळवार

अजून हसतेय.

काल दिवसभर क्लबाचा फोन लागला नाही. आज सकाळी अहोंना म्हटलं, "कपडे करा, डॉक्टरांकडे जायचंय."

"कुणाला काय झालंय?"

"तुम्हाला. आणि लपवू नका. गोळ्या मी बघितल्या आहेत." एवढं बोलले आणि माझा बांध फुटला. "शर्यतीतून नाव काढतेय मी. आज दुपारी. पोटाचं काय असेल ते आपण दोघं मिळून बघू, पण मला सांगा तरी!"

"नाव काढतेस?" ते ताडकन उभे राहिले. गेल्या दहा वर्षांत इतक्या चपळाईनं त्यांना उठताना मी पाहिलं नव्हतं. "अजिबात काढायचं नाही! मी महिनाभर त्या झोपाळ्यावर ओकाऱ्या दाबत बसलो ते काय उगाच?"

"म्हणजे काय?" मी विचारलं.

मग त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून कागदांचा गठ्ठा काढला. डोळे तपासायच्या तक्त्यावर असतात तेवढी मोठी, काळी, ठसठशीत अक्षरं. एका पानावर चारच ओळी. डावं तीन. उजवं दोन, आवळतं (म्हणजे पुढे आणखी घट्ट होत जाणारं). पूल. डावं पाच, लांब.

"बारीक अक्षर वाचायला मान खाली घातली की मळमळतं," ते सांगू लागले, जणू एखाद्या गिऱ्हाइकाला समजावतायत. "म्हणून अक्षर मोठं केलं, कागद डोळ्यांसमोर धरला. मग सवय करायला झोपाळा. पहिल्या आठवड्यात तीन झोक्यांत पोट वर यायचं. आता गोळी घेऊन अख्खा गठ्ठा वाचतो. कालपासून गोळीही अर्धीच."

"तुम्ही म्हणालात, मला ओढू नकोस!"

"म्हणालो. मग तुझं तोंड बघितलं." चष्मा काढून पुसायला लागले. स्वच्छच होता. "जमलं नसतं तर तुला कळू द्यायचं नव्हतं. आधीच सांगून तुला पुन्हा तोंडघशी पाडण्यापेक्षा..."

आणि 'वळण' नपुंसकलिंगी आहे हे माझ्या ध्यानात येऊ नये! डावं तीन, डावं पाच. गेला आठवडाभर मी गिऱ्हाइकांच्या यादीत असला डोळा शोधतेय!

डॉक्टरांकडे गेलोच नाही. फोन करून सांगितलं की बरे आहेत. डॉक्टर म्हणाले, कोण?

१३ एप्रिल, शनिवार

दुकान दुपारी बंद केलं. दोघं मिळून. असं आम्ही शेवटचं कधी केलं होतं ते दोघांनाही आठवेना.

मामाच्या गॅरेजात गाडीला लॅपटॉप जोडला, भाच्याला फोनवर घेतलं. अर्ध्या तासात त्याच्याच तोंडून दुखणं बाहेर आलं. पेट्रोलच्या पिचकारीला वीज मिळाली तरी ती प्रत्यक्ष उघडायला किंचित उशीर लागतो. दिवे लावले की विजेचा दाब उतरतो आणि पिचकारी आणखी आळसावते. हा उशीर किती धरायचा, ते कॉम्प्युटरला आकड्यांत सांगून ठेवावं लागतं.

"आणि तू मोठ्या पिचकाऱ्या बसवल्यावर ते आकडे बदललेस?" मामानं विचारलं.

भाच्यानं आधी एका बाळाला 'शू शू' केलं, मग दुसऱ्याला.

"पळताना जाणवत नाही ना ते," भाचा शेवटी म्हणाला. भरधाव असताना पिचकारी एवढा वेळ उघडी असते की थोड्या उशिरानं काही बिघडत नाही. जागेवर उभी असताना ती निमिषभरच उघडते, आणि त्यातला अर्धा वेळ आळसात जातो.

त्यानं नव्या पिचकाऱ्यांचा तक्ता पाठवला. मामानं आकडे भरले. दिवे लावले. सुई पाचशेला गेली नाही, सातशेवर थबकली, आणि तिथं कुथत राहिली. सुधारली, पण पुरती नाही.

तेव्हा अहो पुढे झाले. स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसले, मला गाडीत बसवलं, आणि त्यांच्या नेहमीच्या, दुकानातल्या त्या शांत आवाजात म्हणाले, "आता ऐक हं. हे बरं..." एक आकडा किंचित वाढवला, "...की हे?"

"आधीचं बरं होतं."

"ठीक. आता हे... की हे?"

"हे. नाही, थांबा. पुन्हा दाखवा. हो, हेच."

"घाई नको. डोळे मिटून ऐक."

तासभर आम्ही असेच. एक आकडा, मग दुसरा. उभ्या गाडीचा वेग हजाराच्या जरा खाली ठरवला, ठिणगीची वेळ थोडी मोकळी सोडली म्हणजे इंजिन स्वतःलाच सावरून घेतं. तीस वर्षं याच प्रश्नानं त्यांनी अख्ख्या गावाचे डोळे ताळ्यावर आणले आणि मला तो कंटाळवाणा वाटायचा! आज मी पॅडलवरून पाय काढून, डोळे मिटून ते 'की हे?' ऐकत होते आणि वाटत होतं, संपूच नये.

शेवटी मामानं दिवे, पंखा, वायपर, काच तापवायची कळ, सगळं एकदम लावलं. सुई एकदा किंचित वाकली, नमस्कार केल्यासारखी, आणि जागेवर आली.

मामा म्हणाला, "ताई, हिला आता काही झालेलं नाही."

भाचा फोनवर रडत होता. किंवा बाळ असेल.

२० एप्रिल, शनिवार

तपासणी. तपासनीस घड्याळ हातात धरून उभा. आम्ही दोघं हात बांधून. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला पंखा सुरू झाला आणि अहोंनी माझं मनगट एवढं घट्ट पकडलं की अजून वळ आहे.

चालू राहिली.

तपासनीस बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "मांजरासारखी आहे हो."

"दमा होता," अहो म्हणाले. "बरा झाला."

२१ एप्रिल, रविवार

लिहिते, पण क्रम लागत नाहीये.

आरंभरेषेवर हेल्मेट घातलेले अहो. त्यांना चष्म्यावरून हेल्मेट घालता येईना, शेवटी मी आधी हेल्मेट चढवलं आणि मग चष्म्याच्या दांड्या सरळ करून आत सरकवल्या. सगळ्या जगाच्या नाकावर चष्मा बसवला मी, पण हा बसवायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"भीती वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"मला मळमळत नाहीये," ते आश्चर्यानं म्हणाले.

झेंडा पडला. आणि मग फक्त त्यांचा आवाज. उजवं चार. डावं पाच, लांब. पूल. डावं तीन. ना घाई, ना चढ-उतार. वळण दिसायच्या आत ते माझ्या हातात यायचं. या रस्त्यानं मी तीस वर्षं एकटीनं गाडी चालवली, आणि आज कळलं की मला त्याचा निम्माच भाग माहीत होता. मी हसत होते, मोठ्यानं, हेल्मेटच्या आत.

शेवटून चौथ्या वळणाला त्यांनी "उजवं दोन, आवळतं" म्हटलं ते बरोबरच होतं. मीच हावरटपणा केला. मागची चाकं सुटली, डोंगर गेला, आकाश गेलं, कठड्याचे पांढरे दगड गेले, पुन्हा डोंगर आला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध, आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. क्लच कधी दाबला ते मला आठवत नाही. पायानंच दाबला असणार.

धूळ खाली बसत होती. आणि त्या शांततेत तो आवाज. एकसारखा, सावकाश, स्वस्थ.

"अगं," अहो कुजबुजले. कागदांचा गठ्ठा छातीशी धरलेला. "अगं, चालू आहे ती!"

मी सुईकडे बघितलं. हजाराच्या जरा खाली. हलतसुद्धा नव्हती.

"चालू आहे!" ते ओरडले. साठीला आलेला माणूस सीटवर बसल्या बसल्या उड्या मारत होता. "बंद नाही पडली! बघ, बघ की! दिवेसुद्धा लागलेत!"

"अहो, आपण उलटे उभे आहोत!"

"असू दे गं! ऐक तरी!"

आणि आम्ही ऐकलं. शर्यतीच्या मधोमध, घड्याळ पळत असताना, आम्ही दोघं गाडीत बसून इंजिन ऐकत होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वरच्या कठड्यावर बसलेली माणसं हातवारे करत होती. मग अहोंनी घसा साफ केला, पान पुन्हा डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "मागे वळ. मग डावं चार."

एकतीस गाड्यांत आम्ही एकोणतिसावे आलो. मागच्या दोघांपैकी एकाचं चाक निखळलं होतं आणि एक रस्ता चुकला होता. त्याचा वाटाड्या त्याचा मेहुणा होता, ते दोघं अजून भांडत होते.

उतरल्यावर अहो डळमळले. मी धरलं. मला वाटलं आता ओकणार.

"पुढची शर्यत कधी आहे?" त्यांनी विचारलं.

२२ एप्रिल, सोमवार

दुकान. सकाळपासून अहोंनी एकाचेही डोळे पंधरा मिनिटांत तपासून सोडले नाहीत. खोलीतून आवाज येतोय: "आणि मग गाडी गर्रकन फिरली! आता खालची ओळ वाचा."

पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं तेव्हा आम्ही एकोणतिसावे होतो. अकराच्या सुमाराला विसाच्या आसपास. जेवणाच्या सुट्टीआधी एका बाईंना "पहिल्या दहांत" असं सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं. आत्ता शेवटचं गिऱ्हाईक आत आहे, चांगला लक्ष देऊन ऐकणारा दिसतोय, प्रश्नही विचारतोय.

मी बाहेर बसून फ्रेमी पुसतेय आणि दुरुस्त करायला अजिबात उठणार नाहीये.